कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज: कॅमेऱ्यावर काय सोडायचं आणि काय नाही

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा ऑटो मोड वाटतो तेवढा वाईट नसतो. दुपारचं ऊन, समोर चार माणसं, मागे झाडं अशा वेळी तो जो फोटो काढतो, तो हाताने सेटिंग करूनही फारसा सुधारत नाही. फसतो तो ठरावीक ठिकाणी. समोर पांढरं किंवा काळं जास्त असेल, उजेड कमी असेल, काहीतरी हलत असेल, नाहीतर दिव्यांचा रंगच वेगळा असेल तिथे. पंचाईत अशी की आपल्याकडे कॅमेरा कपाटातून बाहेर निघतो तो नेमका अशाच वेळी: गणपती, लग्न, वारी, गडावरचा पाऊस.

म्हणून मेनूतली प्रत्येक ओळ इथे समजावलेली नाही. कॅमेऱ्याचा अंदाज कुठे चुकतो आणि तिथे कुठलं बटण दाबायचं, एवढंच क्रमाने घेतलं आहे. लेख वाचताना कॅमेरा हातात ठेवा.

आधी कॅमेरा ओळखा

बाजारात आणि घरांत मिळून कॉम्पॅक्टचे ढोबळ दोन प्रकार दिसतात. पहिला खिशात मावणारा स्वस्त कॅमेरा: कॅननचा इक्सस, निकॉनचा कूलपिक्स, सोनीच्या सायबरशॉटमधली डब्ल्यू मालिका. यांतल्या बहुतेकांचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. दुसरा प्रकार 'एक इंची' सेन्सरचा. सोनीचा आरएक्स१०० २०१२ मध्ये आला, कॅननचा जी७ एक्स २०१४ मध्ये. यांचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने पहिल्याच्या चौपट. मोठ्या फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, लहान कॉम्पॅक्टच्या जवळजवळ तीसपट.

पुढची बरीचशी गणितं या आकारावरच ठरतात. लहान सेन्सरला उजेड कमी मिळतो, त्यामुळे अंधारात फोटोवर रंगीत दाणे लवकर उमटतात. पण त्याचा एक फायदाही आहे: सगळं फोकसमध्ये राहतं. इक्ससच्या वाइड बाजूला, म्हणजे झूम पूर्ण आत असताना, लेन्सची खरी फोकल लेंग्थ (लेन्स किती लांबचं जवळ आणते त्याचं माप) साडेचार मिलिमीटरच्या आसपास असते. अशा लेन्सने दोन-तीन मीटरवर फोकस केला, तर साधारण पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. गडाच्या बुरुजावर उभा मित्र आणि मागची डोंगररांग दोन्ही एकाच फोटोत धारदार हवे असतील, तर हा कॅमेरा महागड्या कॅमेऱ्यापेक्षा कमी कटकटीचा.

पहिली पायरी: एकदाच करायच्या गोष्टी

या घरी बसून उरकून टाका.

फोटोचा आकार सर्वांत मोठा, म्हणजे 'एल', आणि दर्जा 'फाइन' ठेवा. गुणोत्तर सेन्सरचं मूळ असेल तेच निवडा: लहान कॉम्पॅक्टमध्ये बहुधा ४:३, एक इंचीमध्ये ३:२. १६:९ निवडलं की कॅमेरा वरचा-खालचा भाग कापून टाकतो, आणि कापायचंच असेल तर ते नंतर करता येतं. कॅमेऱ्यात 'रॉ', म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल, असेल आणि संगणकावर बसून फोटो सुधारायची तुमची खरोखर तयारी असेल, तरच रॉ प्लस जेपेग (नेहमीची तयार फाइल) चालू करा. नाहीतर कार्ड भरण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

डिजिटल झूम बंद. तो झूम नव्हेच, फोटोचा मधला तुकडा ताणून मोठा केलेला असतो. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापण्याची सोय बंद, कारण ती केशरी अक्षरं नंतर निघत नाहीत. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र बरोबर लावा. तारीख फाइलमध्ये आपोआप नोंदवली जाते आणि पाच वर्षांनी फोटो शोधताना तीच उपयोगी पडते. जुन्या कॅमेऱ्याची आतली छोटी बॅटरी उतरलेली असेल तर हे घड्याळ मागे पडतं. बारशाचे फोटो मग कुठल्या तरी भलत्याच वर्षात जाऊन बसतात.

पडद्यावर चौकटीच्या रेषा चालू करा. क्षितिज तिरकं येणं निम्म्याने कमी होतं.

दुसरी पायरी: ऑटोतून 'पी'मध्ये या

ऑटोमध्ये असताना आयएसओ, रंगछटा, प्लस-मायनस यांतलं बहुतेक काही तुमच्या हातात नसतं. मेनूत ते करडं दिसतं. त्यासाठी प्रोग्रॅम मोड, म्हणजे 'पी'. यात शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती मोठं) कॅमेराच ठरवतो, बाकीचं तुम्हाला बदलता येतं. ज्यांच्यावर गोल चकती आहे त्यांनी ती 'पी'वर फिरवायची. चकती नसलेल्या इक्सस किंवा सायबरशॉटमध्ये मोडच्या यादीत 'पी' किंवा 'प्रोग्रॅम ऑटो' असं सापडेल. कूलपिक्सच्या कित्येक मॉडेलांत 'पी' नसतोच. तिथे दृश्य स्वतः ओळखणारा मोड वेगळा आणि साधा 'ऑटो मोड' वेगळा असतो. हा साधा ऑटो म्हणजेच आपला पी; आयएसओ आणि रंगछटा त्यात बदलता येतात.

चकतीवर 'एम', म्हणजे सगळे आकडे हाताने लावायचा मोड, दिसला की अनेकांना वाटतं, खरे फोटोग्राफर यावरच काढतात. मला ते पटत नाही. वारीत, वरातीत, लहान मुलांमागे धावताना उजेड दर मिनिटाला बदलतो आणि एमवर प्रत्येक वेळी आकडे जुळवेपर्यंत क्षण निघून जातो. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून आतषबाजी टिपायची असेल तेव्हा एम जरूर वापरा. रोजच्या कामाला पी आणि खालची दोन सेटिंग्ज पुरतात.

तिसरी पायरी: आयएसओला कुंपण घाला

आयएसओ म्हणजे सेन्सरवर पडलेल्या उजेडाला कॅमेरा किती वाढवून दाखवतो त्याचं माप. १०० चं २०० केलं की तेवढ्याच उजेडात शटर निम्म्या वेळात उघडून मिटतं. बदल्यात दाणे वाढतात, आणि ते पुसायच्या नादात कॅमेरा चेहऱ्याची त्वचा आणि केस मेणासारखे गुळगुळीत करून टाकतो.

भर उन्हात आयएसओ कॅमेऱ्यात असेल तितका खाली, ८०, १०० किंवा १२५. घरात आणि संध्याकाळी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ८०० च्या वर सहसा जाऊ देऊ नका. मोबाइलवरच बघायचे असतील तर १६०० चालून जातो. एक इंची कॅमेऱ्यावर १६०० बिनधास्त, ३२०० नाइलाज असेल तर. मेनूत १२८०० चा आकडा लिहिलेला असतो, तो जाहिरातीसाठी समजा.

दर वेळी आकडा बदलायचा कंटाळा येत असेल तर ऑटो आयएसओ ठेवा, पण त्याची कमाल मर्यादा मेनूतून ठरवून द्या. जी७ एक्सच्या पुढच्या आवृत्तीत, मार्क टूमध्ये, ही मर्यादा आहेच, शिवाय आयएसओ किती लवकर चढू द्यायचा हेही सांगता येतं. मुलांचे फोटो असतील तर 'फास्ट' ठेवा; शटर वेगवान राहतं आणि हात-पाय पुसट होत नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला फोटो बघता येत नाही. दोन्हींतलं एकच वाचवायचं असेल तर आयएसओ चढू द्या.

चौथी पायरी: प्लस-मायनस

या लेखातलं एकच सेटिंग शिकायला वेळ असेल तर हे शिका. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, बटणावर अधिक-उणेची छोटी खूण. जी७ एक्स मार्क टूवर याची स्वतंत्र चकती मोडच्या चकतीखालीच आहे. बाकी बहुतेक कॅमेऱ्यांवर मागच्या गोल बटणाच्या वरच्या नाहीतर उजव्या बाजूला किंवा 'फंक/सेट' दाबल्यावर येणाऱ्या यादीत ते सापडतं.

त्याची गरज का पडते? कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, फक्त किती उजेड परत येतोय तेवढं कळतं. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं असणार असं तो गृहीत धरतो. बहुतेक वेळा हे जमून जातं. पण वारीच्या रस्त्यावर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्यांनी चौकट भरली की मीटरला वाटतं, उजेड फार झाला. तो फोटो काळवंडतो, पांढऱ्याचं मळकट करडं होतं आणि टोपीखालचे चेहरे तर अंधारातच जातात. अशा वेळी +२/३ किंवा +१ द्या. टोपी पांढरी होते, चेहरा वर येतो.

उलटी बाजू वेरूळला दिसते. कैलास लेणं काळ्या बेसॉल्टमध्ये खोदलेलं. चौकटभर काळा दगड घेतला की मीटरला तो अंधार वाटतो आणि दगड फिकट राखाडी होऊन येतो. तिथे −२/३ दिलं की दगडाचा काळेपणा आणि छिन्नीच्या खुणा परत मिळतात. पण त्याच लेण्याचा वरच्या कड्यावरून, आकाशासकट फोटो घेत असाल तर आकाश मीटरला दुसऱ्याच बाजूला ओढतं, आणि मग मायनस द्यायची गरज उरत नाही. म्हणजे विषयाचं नाव बघून आकडा ठरवायचा नाही, चौकटीत काय किती आहे ते बघायचं.

रात्रीच्या मांडवात काळोख भरपूर आणि मूर्तीवर झगझगीत दिवे असतात. काळोख बघून कॅमेरा उजेड वाढवतो, आणि गणपतीचा चेहरा पांढरा पडून सोंडेवरचं रंगकाम उडून जातं. −१ द्या. हाच नियम आतषबाजीच्या आधीच्या रोषणाईला, देवळातल्या दीपमाळेला आणि स्टेजवर एकट्या कलाकारावर पडलेल्या झोताला लागू. खिडकीसमोर किंवा मावळतीकडे पाठ करून उभ्या माणसाला +१ लागतं. मागचं आकाश जळलं, म्हणजे नुसतं पांढरं झालं, तर होऊ द्या, नाहीतर पुढे येतोय तो फ्लॅश वापरा.

फोटो बरोबर आला की नाही, हे पडद्याच्या उजळपणावरून ठरवू नका. उन्हात तोच पडदा काळा दिसतो आणि अंधारात डोळे दिपवतो. फोटो बघताना 'डिस्प' बटण एक-दोनदा दाबलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत हिस्टोग्राम, म्हणजे डोंगरासारखा आलेख दिसतो. आलेख उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर पांढरा भाग जळला आहे. जळलेल्या जागी नंतर काहीच निघत नाही. काळवंडलेल्या जागेतून थोडंफार निघतं. शंका असेल तर थोडं गडद घ्या.

मीटरिंगचे तीन प्रकार असतात: संपूर्ण चौकट, मध्यभाग आणि ठिपका. पहिल्यावरच राहा. प्लस-मायनस हाताला बसलं की बाकीच्या दोघांची फारशी आठवण येत नाही.

पाचवी पायरी: फोकस

बटण अर्धं दाबायचं, हिरवी चौकट येऊ द्यायची, मग पूर्ण दाबायचं. घरात कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला की तो एका दमात बटण दाबतो आणि फोटो हमखास पुसट येतो. द्यायच्या आधी हे एकदा दाखवा.

फोकसचे पर्याय कॅमेऱ्याप्रमाणे बदलतात, पण दोन पुरतात. माणसांसाठी चेहरा ओळखणारा. बाकी सगळ्यासाठी 'सेंटर', म्हणजे मधली एकच चौकट. अनेक ठिपक्यांच्या फोकसवर कॅमेरा बहुतेक वेळा सर्वांत जवळची वस्तू धरतो, आणि लग्नात ती अंतरपाटाची कडा असते किंवा कुणाचा तरी खांदा. मधली चौकट नवरीच्या चेहऱ्यावर ठेवा, अर्धं बटण दाबून धरा, मग कॅमेरा हवा तसा वळवून फोटो घ्या.

फुलांसाठी मॅक्रो, खूण ट्यूलिपच्या फुलाची. लोक इथेच अडतात, कारण मॅक्रोमध्ये झूम केलं की सर्वांत जवळचं अंतर एकदम वाढतं. जी७ एक्स मार्क टूच्या वाइड बाजूला ५ सेंटिमीटरवर फोकस बसतो, पूर्ण झूम केल्यावर ४० सेंटिमीटर लागतात. म्हणून झूम पूर्ण आत घ्या आणि स्वतः जवळ जा. कासच्या पठारावरची बरीच फुलं नखाएवढी असतात आणि वारा थांबत नाही. तिथे शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका, सलग फोटोंचा मोड लावा आणि चार-पाच घेऊन त्यांतला एक ठेवा. आखलेल्या वाटेवरूनच काढा. एका फुलासाठी दहा रोपं तुडवली जातात.

एसटीच्या किंवा रोपवेच्या काचेतून काढताना कॅमेरा काचेवरचे ओघळ फोकस करतो. फोकसच्या यादीत डोंगराची खूण असेल तर ती निवडा, फोकस लांबवर जातो. नंतर ती आठवणीने काढून टाका.

सहावी पायरी: शटर, म्हणजे हालचालीचा हिशेब

अर्धं बटण दाबल्यावर पडद्याखाली १/६०, १/२५० असे आकडे येतात ते शटरचे, सेकंदाच्या भागांत. ते वाचायची सवय लावा. फोटो हलणार की नाही ते काढण्याआधीच कळतं.

हात हलण्याचं एक प्रकरण आणि समोरचं हलण्याचं दुसरं. पहिल्यावर कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण उपाय करतं, त्यामुळे वाइडला १/१५ वरसुद्धा भिंत धारदार येऊ शकते. त्याच फोटोतली आरती करणारी माणसं मात्र पुसट येतात, कारण स्थिरीकरणाला माणसं थांबवता येत नाहीत. बोलत बसलेल्या माणसाला निदान १/१२५ लागतं, चालणाऱ्याला १/२५०, लेझीम आणि ढोलाच्या टिपरूला १/५००. 'टीव्ही' किंवा सोनीवर 'एस' मोड असेल तर हा आकडा थेट लावता येतो. नसेल तर पीमध्ये आयएसओ वाढवत गेलात की शटर वेगवान होत जातं, किंवा दृश्यांच्या यादीतला 'स्पोर्ट्स' मोड घ्या.

इथे झूमचा एक छुपा खर्च असतो. इक्सस २८५ ची लेन्स वाइडला एफ/३.६ आहे, पूर्ण झूमला एफ/७ (हा छिद्राचा आकडा; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). म्हणजे झूम केल्यावर जवळजवळ चौथ्या हिश्शाचाच उजेड आत येतो, आणि वर हाताची थरथर झूमइतकीच मोठी होऊन दिसते. बंदिस्त मैदानात रात्री कबड्डी चालू आहे आणि तुम्ही गॅलरीतून पूर्ण झूम करताय, तर कुठलंही सेटिंग फोटो वाचवणार नाही. खाली उतरून रेषेजवळ जा आणि वाइडने काढा.

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. वेगवान शटरला एक फोटो उजळ, दुसरा काळसर, किंवा फोटोवर आडवे पट्टे असं होतं. सभागृहात असं दिसलं तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. अमेरिकेत ६० हर्ट्झ असतात. तिथल्या मंडळाच्या गणपतीत हेच आकडे १/१२० आणि १/६० होतात.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं यायला उलटं करावं लागतं: शटर १/४ ते १/२ सेकंद, कॅमेरा दगडावर किंवा ट्रायपॉडवर, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का लागत नाही. कॅमेरा असा टेकवलेला असताना स्थिरीकरण बंद करा. दिवसा एवढं मंद शटर लावलं की फोटो जळतो. ढगाळ दुपारी सर्वांत कमी आयएसओ आणि एफ/८ धरूनही शटर १/६० च्या आसपासच राहतं. एक इंची कॅमेऱ्यांपैकी काहींत एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, आतच असते. जी७ एक्स मार्क टूचा तीन स्टॉपचा आहे, म्हणजे उजेड तीनदा निम्मा करतो. तो लावला की १/६० चं १/८ होतं, आणि दरीतल्या सावलीत त्याहूनही खाली येतं. फिल्टर नसलेल्यांनी संध्याकाळची वाट बघावी.

अॅपर्चरबद्दल थोडंच

'एव्ही' किंवा 'ए', म्हणजे छिद्राचा आकार आपण ठरवायच्या मोडची मजा मोठ्या कॅमेऱ्यांत जास्त. अनेक स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये छिद्र लहान-मोठं होतच नाही. उजेड कमी करायला आत एक गडद काच सरकते, आणि पडद्यावर आकडा बदललेला दिसला तरी फोटोची खोली, म्हणजे कुठून कुठपर्यंत स्पष्ट येतं ते अंतर, तेवढंच राहतं. एक इंचीमध्ये एफ/१.८ पासून एफ/११ पर्यंत जाता येतं, पण एफ/८ च्या पलीकडे लहान छिद्रामुळे प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. निसर्गदृश्याला एफ/४ ते एफ/५.६ पुरतं. पुस्तकात 'लँडस्केपला एफ/१६' लिहिलेलं असतं, ते मोठ्या सेन्सरसाठी.

मागचं धूसर हवं असेल तर: झूम पूर्ण करा, छिद्र सर्वांत मोठं, माणूस कॅमेऱ्याच्या जवळ आणि पार्श्वभूमी त्याच्यापासून लांब. लहान सेन्सरवर तरीही फार अपेक्षा नको. भर उन्हात एफ/१.८ ठेवला तर आयएसओ १२५ ला शटर १/१०,००० च्या आसपास लागतं आणि जी७ एक्स मार्क टूचं यांत्रिक शटर १/२००० लाच थांबतं. तिथेही तोच एनडी फिल्टर कामाला येतो.

रंगछटा

व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला की कॅमेरा दिव्याचा पिवळेपणा काढून सगळं पांढरं करायला धडपडतो. दिवाळीच्या पणत्या, निरांजन, होळी यांत तो पिवळेपणाच तर हवा असतो. तिथे 'डेलाइट', म्हणजे सूर्याची खूण, लावा आणि बघा. झाडांच्या सावलीतले चेहरे निळसर-हिरवट येत असतील तर 'शेड', नसल्यास 'क्लाउडी'.

खरी परीक्षा मांडवात. लाल-गुलाबी कापडातून गाळून आलेलं ऊन सगळ्या वऱ्हाडाला गुलाबी करून टाकतं आणि कुठलंही तयार सेटिंग ते सुधारत नाही. 'कस्टम' निवडा, त्याच उजेडात धरलेल्या पांढऱ्या कागदाने किंवा धुतल्या रुमालाने चौकट भरा आणि बटण दाबा. मांडवातून बाहेर आल्यावर मात्र ते परत ऑटोवर न्यायचं.

फ्लॅश: लोक वापरतात त्याच्या उलट वेळी वापरा

रात्रीच्या मिरवणुकीत फ्लॅश बंद, वीज-बाणाच्या खुणेवर काट असलेला. कॉम्पॅक्टचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो. वीस फुटांवरच्या मूर्तीपर्यंत तो जात नाही, मधल्या लोकांची डोकी तेवढी पांढरी करतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदीच आहे. तिथे आयएसओ वाढवा आणि कोपर अंगाशी घट्ट धरा. ट्रायपॉडला परवानगी लागते.

भर दुपारी, डोक्यावर ऊन आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली असताना मात्र तो सक्तीने चालू करा. फेटा किंवा टोपी असेल तर हमखास. यात कॉम्पॅक्टची एक बाजू मोठ्या कॅमेऱ्यांपेक्षाही वरचढ आहे: पाकळ्यांचं शटर लेन्समध्येच बसवलेलं असल्याने वेगवान शटरलाही फ्लॅश जुळतो, तर डीएसएलआरना साधारण १/२०० किंवा १/२५० ची मर्यादा असते.

संध्याकाळी माणूस आणि मागची रोषणाई दोन्ही हवी असेल तर 'स्लो सिंक्रो'. फ्लॅश माणसाला उजळतो, शटर जरा वेळ उघडं राहून मागचे दिवे टिपतं. समोरच्याला "संपलं" म्हणेपर्यंत हलू नका, असं सांगा.

विसर्जनाची एक संध्याकाळ

आता हे सगळं एका प्रसंगात लावून बघू. दुपारी चारला मिरवणूक निघते, ऊन आहे: पी, आयएसओ १००, गुलालात माखलेल्या पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी असेल तर +२/३, फेट्याखालच्या चेहऱ्यांना फ्लॅश. पथक वाजवायला लागलं की टीव्ही १/५०० आणि ऑटो आयएसओ, कमाल ८०० किंवा १६००. गुलाल उडत असेल तेव्हा झूम आत-बाहेर करू नका. सरकणाऱ्या नळीवर बसलेली पूड लेन्ससोबत आत जाते, आणि कॉम्पॅक्टची लेन्स सोडवून साफ करता येत नाही.

साडेसहानंतर उजेड निळा होतो, ही सर्वांत चांगली वीस मिनिटं. आकाशात निळाई आहे आणि दिवेही लागलेत. फ्लॅश बंद, आयएसओ ४०० ते ८००, प्लस-मायनस −१/३, कॅमेरा कठड्याला टेकवून. पूर्ण अंधार पडल्यावर झूम पूर्ण आत, आयएसओ १६०० पर्यंत, मूर्तीसाठी −१, आणि आरतीच्या ताटाजवळ रंगछटा डेलाइट. आतषबाजी झालीच तर कॅमेरा भिंतीवर टेकवा, फोकस डोंगराच्या खुणेवर, आयएसओ १००, शटर दोन ते चार सेकंद. इक्ससमध्ये यासाठी 'लाँग शटर' नावाचा मोड किंवा दृश्यांच्या यादीत फटाक्यांची खूण असते.

घरी आल्यावर फोटो उतरवून घेण्याआधीच प्लस-मायनस शून्यावर, आयएसओ ऑटोवर, रंगछटा ऑटोवर, फोकस नेहमीच्या खुणेवर आणा. कॅमेरा बंद केला तरी यांतलं बरंचसं तसंच राहतं, आणि चकतीवर लावलेलं −१ तर राहतंच. चकतीवर 'सी', म्हणजे आपली सेटिंग्ज साठवायची जागा, असेल त्यांनी रात्रीचं हे सगळं त्यात साठवून ठेवावं; पुढच्या गणपतीला चकती फिरवली की झालं.